डावा हात वर-खाली, उजवा हात पुढे-मागे

वाचकहो, या सदरात आम्ही एरवी शाळेचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, भविष्यनिर्वाह निधीचे कागद असल्या गोष्टींविषयी लिहितो. या खेपेला एका खेळण्याविषयी लिहिणार आहोत. खेळणे म्हटले तरी आमच्या घरात ते खेळणे म्हणून आले नाही, हे आधी सांगितलेले बरे.

आमची धाकटी बहीण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात दिलेली आहे. घरची शेती नाही. नवरा-बायको दोघे मजुरी करतात आणि कपाशीच्या हंगामात जावयांचे मुख्य काम म्हणजे पाठीवर पंप घेऊन फवारणी. २०१७ साली त्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो इस्पितळात पोचले, हे वाचकांना आठवत असेल. त्या शेकड्यांत आमचे जावईही होते. वाचले. पुढच्या हंगामात त्यांनी पुन्हा पंप पाठीला लावला, कारण दुसरे काम नव्हते.

त्यांची मुलगी, म्हणजे आमची भाची, बारावी झाली आहे. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गावात ड्रोनने फवारणी करण्याचे प्रात्यक्षिक झाले, ते पाहायला ती मैत्रिणींबरोबर गेली होती. बांधावर एक बाई रिमोट घेऊन उभी, आणि दहा लिटरची टाकी पोटाशी बांधलेला ड्रोन कपाशीच्या डोक्यावरून सरळ रेषेत जातो आहे, परत येतो आहे. एकरभर शेत चहा होईतो भिजले. त्याच रात्री तिचा फोन आला, "मामा, मले हे शिकाचं हाय."

चौकशी केली तेव्हा प्रशिक्षणाची फी अर्ध्या लाखाच्या आसपास निघाली. जावई एवढेच म्हणाले, "पैसे भरले आन् तिले जमलंच नाही तं?" प्रश्न अगदी बरोबर होता. मजुरीच्या घरात अर्धा लाख ही परीक्षा पाहण्याची रक्कम नव्हे. तेव्हा आम्ही सुचवले की आधी एक लहान, स्वस्तातले चार पंख्यांचे क्वाडकॉप्टर आणू. हात बसतो का पाहू. मोठ्या ड्रोनच्या आणि या खेळण्याच्या रिमोटवर दोन दांड्या असतात आणि त्यांची मुळाक्षरे एकच आहेत.

ते यंत्र अडीच हजारांच्या आत मिळाले. तळहाताहून थोडे मोठे, वजन शंभर ग्रॅमच्याही खाली. दिवाळीनंतर आठ दिवसांची सवड काढून आम्ही ते घेऊन गावी गेलो. खरे सांगायचे तर शिकवायला गेलो होतो. आम्ही कारखान्यात सत्तावीस वर्षे डोक्यावरची क्रेन चालवली. दांड्या आमच्या हातांना नव्या नाहीत, हे पोरीला एका दुपारी येईल, असा आमचा समज होता.

समाजमंदिराचा हॉल रिकामा असतो, तो सकाळी मागून घेतला. इतके हलके यंत्र बाहेर उडवायचे म्हटले तर साध्या झुळकेनेही वाहून जाते, म्हणून पहिले काही दिवस चार भिंतींच्या आत. सतरंज्या अंथरल्या, पंखे बंद केले, लहान पोरांना दाराबाहेर बसवले. भाचीला वेणी बांधून घ्यायला आणि ओढणी कमरेला खोचायला सांगितले. पाते लहान असले तरी जोरात फिरते. केस गुंतले किंवा डोळ्याला लागले तर खेळ महागात पडायचा.

आधी यंत्र उलटे-सुलटे करून पाहिले. चार हातांच्या टोकांना चार लहान मोटरी, प्रत्येकीवर एक पंखा. समोरासमोरच्या कोपऱ्यातले दोन पंखे घड्याळाच्या काट्यासारखे फिरतात, उरलेले दोन उलटे. असे का? कारखान्यात ज्यांनी हातातले ड्रिल मशिन धरले असेल त्यांना चटकन समजेल. ड्रिल लोखंडात अडकले की मशिन उलट्या बाजूला फिरू पाहते आणि मनगट पिळवटते. तसेच पंखा एका दिशेला फिरला की यंत्राचे अंग दुसऱ्या दिशेला फिरू पाहते. दोन इकडे, दोन तिकडे फिरले म्हणजे ओढ फिटते आणि यंत्र सरळ राहते. पंख्यांचे आकारही म्हणून दोन जातींचे असतात. तिसऱ्या दिवशी एक पंखा तुटला, आम्ही पिशवीतला दुसरा बसवला आणि मोठ्या ऐटीत वर उचलायला सांगितले. यंत्र जागच्या जागी कोलांटी खाऊन पडले. तीनदा. भाचीने पाते निरखले आणि म्हणाली, "मामा, हे त्या बाजूचं हाय." पंख्यावर बारीक अक्षर असते, ते आम्ही चष्मा न लावता बसवले होते.

आता दांड्या. आमच्याकडच्या बहुतेक रिमोटांवर डावी दांडी वर केली की चारही पंखे एकदम वेग घेतात आणि यंत्र चढते, खाली केली की उतरते. तीच डावी दांडी डावी-उजवीकडे केली की यंत्र जागच्या जागी तोंड फिरवते. त्या वेळी कोपऱ्यातली एक जोडी वेग वाढवते, दुसरी कमी करते, म्हणजे मघाची फिटलेली ओढ मुद्दाम थोडी शिल्लक ठेवतात. उजवी दांडी पुढे ढकलली की मागचे दोन पंखे जोर करतात, यंत्र पुढे वाकते आणि वाकल्या दिशेला चालू लागते. मागे, डावीकडे, उजवीकडे तसेच. प्रशिक्षणवाले यांना थ्रॉटल, यॉ, पिच आणि रोल म्हणतात. नावे पाठ करायला एक तास पुरतो, हाताला कळायला वेळ लागतो. काही रिमोटांवर चढण्याची दांडी उजवीकडे असते, म्हणून दुसऱ्याचे यंत्र हाती घेताना आधी विचारावे.

सुरू करण्याचाही क्रम आहे. आधी रिमोट सुरू करायचा, डावी दांडी पार खाली आहे ना ते पाहायचे, मग यंत्राला बॅटरी जोडून ते सपाट फरशीवर ठेवायचे आणि काही क्षण हात लावायचा नाही. त्या क्षणांत यंत्रातली चकती "सरळ म्हणजे काय" ते ठरवून घेते. सतरंजीच्या घडीवर तिरके ठेवले तर ते तिरक्यालाच सरळ समजते आणि वर गेल्यावर एका अंगाला घसरत राहते. सपाट ठेवूनही घसरलेच तर दांडीशेजारच्या बारीक बटणांनी, ट्रिम म्हणतात त्यांना, घसरण मारता येते. बंद करताना उलटा क्रम, आधी यंत्राची बॅटरी काढायची, मग रिमोट.

पहिल्या सकाळी भाचीने दांडी भीत भीत वर केली. यंत्र वीतभर उठले आणि डुचमळायला लागले, भिंतीकडे सरकले, आपटले. पुन्हा तेच. आम्हाला वाटले हात थरथरतो. मग लक्षात आले की चूक भीत भीत उचलण्यात होती. जमिनीलगत पंख्यांनी खाली ढकललेली हवा फरशीवर आपटते आणि त्या खवळलेल्या हवेवर यंत्र नावेसारखे हलते. दांडी थोड्या ठामपणे वर करून यंत्र कमरेइतके नेले की ते शांत होते. कमरेइतक्या उंचीवर, शेपूट आपल्याकडे ठेवून, एका जागी थांबवणे हा पहिला धडा, आणि आमच्या मते निम्मी विद्या तीच आहे. आमच्या यंत्रात उंची आपोआप धरून ठेवायची सोय नव्हती. काही खेळण्यांत असते. नव्हती तेच बरे झाले. पुढे वाकवले की थोडा जोर पुढे खर्च होतो आणि यंत्र किंचित खाली बसते, तेवढी डावी दांडी वर द्यावी लागते, हे पोरीच्या अंगठ्याला आपोआप कळले.

आमची फजिती येथे झाली. आम्ही रिमोट हाती घेतला की यंत्र एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर. क्रेनची दांडी सोडली की क्रेन थांबते. तिला ब्रेक असतो. हवेतल्या यंत्राला तो नसतो. उजवीकडे ढकलून दांडी मध्यावर सोडली की यंत्र सपाट होते, पण घसरत राहतेच. थांबवायला डावीकडे चिमूटभर द्यावी लागते आणि लगेच परत घ्यावी लागते. भाची म्हणाली, "मामा, तुमी लय दाबून राह्यले." मग क्रेनच्या आकड्याला लोंबणारे वजन आठवले. वजन झुलायला लागले की नवखा माणूस क्रेन मागे ओढतो आणि झोका वाढवतो. जुना कारागीर झोक्याबरोबर थोडे जातो आणि ऐन वेळी थांबतो. ते आठवले तेव्हा कुठे हात हलका झाला. यंत्र थांबवायचे ते पोचल्यावर नव्हे, पोचण्याच्या आधी.

आपटणार असे दिसले तर एकच करायचे, डावी दांडी खाली. घाबरून माणूस ती वर करतो, आणि सतरंजीत अडकलेले पाते फिरू पाहते, मोटर तापते, जळते. आम्ही एक मोटर अशीच घालवली. भाचीने एकही घालवली नाही.

बॅटरीविषयी थोडके सांगतो, पण ते ऐकाच. पाच-सात मिनिटे उडते आणि भरायला तासभर लागतो, म्हणून दोन जास्तीच्या घेतल्या होत्या. यंत्र जड झाल्यासारखे वाटले की उतरवावे, पार संपवू नये. गरम बॅटरी लगेच भरायला लावू नये. फुगली तर वापरू नये. आणि रात्री उशाशी भरायला लावून झोपू नये. या जातीच्या बॅटरीला आग लागू शकते आणि एका खोलीच्या घरात पळायला जागा नसते.

चौथ्या दिवशी खरी अडचण आली. शेपूट आपल्याकडे असेपर्यंत यंत्राचा उजवा तो आपला उजवा. तोंड आपल्याकडे फिरले की सगळे उलटे. दांडी उजवीकडे ढकलली तर यंत्र आपल्या डावीकडे जाते. क्रेनच्या केबिनमध्ये आम्ही यंत्राच्या पोटात बसलेलो असू, म्हणून हा प्रश्न सत्तावीस वर्षांत आला नव्हता. येथे बाहेर उभे राहून आत बसल्यासारखा विचार करायचा. भाचीने यंत्राच्या पुढच्या बाजूला एक तांबडी टिकली चिकटवली, तोंड कळावे म्हणून. तरी टिकली आपल्याकडे वळली की तिचा हात गोठे. त्या दिवशी दोन पंखे गेले आणि दुपारी ती जेवली नाही. बहीण आम्हाला म्हणाली, "दादा, राहू द्या. आपल्याले नाही जमत असं."

हे वाक्य आम्ही पुष्कळ घरांत ऐकले आहे. त्यावर आम्ही काही बोललो नाही. बोलण्याने अंगठा वळत नाही.

दुसऱ्या सकाळी धडा बारीक केला. तोंड एकदम आपल्याकडे न करता पाव वळण. यंत्र आडवे, कूस आपल्याकडे, तेथेच थांबवणे. मग उलट्या कुशीवर. मग आणखी पाव वळण आणि लगेच परत. एक युक्तीही आहे. तोंड आपल्याकडे असताना यंत्र ज्या बाजूला घसरते, त्याच बाजूला दांडी द्यायची, जणू खाली कललेल्या खांद्याला टेकू देतो आहोत. डावे-उजवे मनात उलटत बसण्यापेक्षा हे लवकर साधते. अशा यंत्रांवर एक बटण असते, ते दाबले की तोंड कोठेही असो, दांडीची दिशा उडवणाऱ्याच्या डाव्या-उजव्याप्रमाणे चालते. शेजारच्या मुलाने ते दाखवलेही. आम्ही ते बटण वापरू दिले नाही. मोठ्या ड्रोनला उपग्रहाच्या आधाराने जागच्या जागी थांबता येते, ठरलेल्या रेषेत आपोआप फवारता येते, हे खरे. पण ती सोय ऐन शेतात बंद पडली तर टाकी भरलेले वीस-पंचवीस किलोचे धूड हाताने परत आणावे लागते, आणि त्या वेळी टिकली कोठेही असू शकते.

सहाव्या दिवशी दोन विटा मांडून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फेरी सुरू झाली. त्या आकड्यात सगळी तोंडे येतात, म्हणून तो अवघड. सायंकाळपर्यंत भाचीचे सलग चार आठ झाले. आमचा अजून एकही झालेला नाही.

मग बाहेर. येथवर जावई दारात बसून नुसते पाहत होते. शाळेच्या मैदानावर आम्ही यंत्र मांडले तेव्हा ते उठून आले, चिमूटभर माती उचलून सोडली, कोठे उडते ते पाहिले आणि भाचीचा खांदा धरून तिला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन उभी केली. "वारा पाठीवर पाह्यजे. नाहीतं सारं तोंडावर येते." ते फवाऱ्याविषयी बोलत होते. पण फवारणीच्या ड्रोनवाल्यालाही हेच शिकवतात, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहायचे. खेळण्यातही ते खरे ठरले. वाऱ्याच्या तोंडाकडून सुरुवात केली तर यंत्र वाहून जायला मैदान उरते. ते परत आणायला मात्र वाऱ्याशी झुंजावे लागते आणि बॅटरी लवकर संपते. वाऱ्याचे हे ज्ञान जावयांनी पंप पाठीवर घेऊन मिळवले होते. आम्हाला ते नव्हते.

त्या संध्याकाळी त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "एक पोरगी एवढ्या लवकर एकर फवारन, मंग आमची मजुरी कोनाले भेटन?" खरी गोष्ट आहे, आणि उडवून लावण्यासारखी नाही. ड्रोन ज्याच्या मालकीचा त्याच्या घरी पैसा जाणार. गावच्या बचत गटांसाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ड्रोन दीदी योजना मंजूर केली, २०२५-२६ पर्यंत १५,००० गटांना ड्रोन द्यायचे त्यात ठरले. बहिणीच्या गटाचा नंबर लागला नाही. तेव्हा भाची शिकली तरी ती दुसऱ्याच्या ड्रोनवर नोकरी करील, आणि तिच्या गावातले पाच-सात पंप खुंटीला लागतील. जावयांना आम्ही हे असेच सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खुंटीले लागला तं लागो. पन पोटाचं काय थे सांगा." त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ड्रोन आला तरी टाकीत औषध कालवणारा माणूस लागतोच, आणि तेथेही हातमोजे आणि तोंडाला पट्टी लागतेच, एवढे मात्र आम्ही भाचीला बजावले आहे.

ज्यांच्या घरी असा विचार चालू असेल त्यांच्यासाठी नियम सांगतो. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. फवारणीच्या ड्रोनला लागते. वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, मान्यता दिलेल्या संस्थेतच प्रशिक्षण. पूर्वी पासपोर्ट मागत. २०२३ च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा वाहन परवाना चालतो. प्रमाणपत्र दहा वर्षांचे असते. विमानतळाच्या आसपास आणि लाल रंगाच्या क्षेत्रात परवानगीवाचून उडवायचे नाही, त्याचा नकाशा सरकारने २०२१ मध्येच काढला आहे. आमच्याच नात्यातल्या एका मुलाने जिल्ह्याच्या गावी एका संस्थेत बारा हजार भरले. तीन दिवसांत सोनेरी कडेचा कागद मिळाला आणि कामावर कोणी तो हातातही घेतला नाही. पैसे देण्याआधी संस्थेचे नाव डीजीसीएच्या यादीत पाहा. यादी फुकट पाहायला मिळते. पाहता येत नसेल तर गावातल्या कॉलेजच्या मुलाला पाहायला सांगा, पण पाहा.

भाचीचा अर्ज गेला आहे. निम्मी फी आम्ही आमच्या ग्रॅच्युइटीतून दिली, निम्मी बहिणीच्या गटाने कर्जाऊ दिली. हप्ता जावई भरणार आहेत, फवारणीच्याच मजुरीतून. वर्ग सुरू व्हायला महिना आहे. तोवर रोज सकाळी शाळा भरण्याआधी मैदानावर आठाचा आकडा चालू आहे. काल फोन आला की घड्याळाच्या दिशेने फिरणारा शेवटचा पंखाही गेला. चारांचा एक संच मागवला आहे, या वेळी चष्मा लावून.